पळण्याआधीचं केळं

"उपाशीपोटी कसाले पयस रे? दोन घास खाई ले," माय रोज म्हणायची आणि मी बुटाची नाडी आवळून बाहेर पडायचो.

तेव्हा पोलीस भरतीचं वेड होतं. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत पळालं तर २० पैकी २० गुण. नरडाण्याच्या एमआयडीसीतले रुंद रस्ते हेच आम्हा पोरांचं मैदान. उन्हाळ्यात सात वाजताच ऊन चटकायला लागतं, म्हणून पाचलाच हजर. रिकाम्या पोटी पळालं की चरबी जळते, असं जो तो सांगायचा. त्यात तथ्य आहे. उपाशी शरीर त्या वेळी चरबी जास्त वापरतं. पण दिवसभराचा हिशोब केला तर वजनात त्यानं फारसा फरक पडत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

एप्रिलातल्या एका पहाटे शेवटच्या चारशे मीटरला डोळ्यांपुढे अंधारी आली. कपाळावर गार घाम, हात थरथरत होते. आदल्या रात्री आठला जेवलो होतो, त्यानंतर पाणीसुद्धा धड नाही. सोबतच्या पोरानं गुळाचा खडा तोंडात घातला, तेव्हा कुठे उठलो.

मग दुसरं टोक गाठलं. दीड कळण्याची भाकर, वर ठेचा, आणि अर्ध्या तासात पळायला. उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की वाकूनच बसलो, आणि खाल्लेलं सगळं उलटून पडलं. पोट भरलेलं असताना रक्त पचनाकडे धावतं, त्याच वेळी पायही ते मागतात.

गावातल्या एका निवृत्त फौजीनं मार्ग दाखवला. रात्रभरात यकृतातली साखर बरीच संपते. स्नायूंतली मात्र शिल्लक असते. म्हणून हळू पळायचं असेल तर उपाशी चालेल. वेळ लावून जोर काढायचा असेल तर अर्धा तास आधी एक केळं आणि पाणी. भाकर पळून आल्यावर. भरपेट जेवण झालं असेल तर दोन-तीन तास थांबायचं. आठवडाभरात माझे पाय मोकळे झाले.

हे सगळं आमच्या घरातल्या नानांना लागू होत नाही, हे मला वेळीच सुचायला हवं होतं. त्यांना मधुमेहाची गोळी आहे. माझं बघून तेही गोळी घेऊन उपाशीच फिरायला निघाले आणि वाटेत चक्कर येऊन बसले. डॉक्टरांनी बजावलं: गोळी घेऊन उपाशी फिरणं त्यांच्यासाठी धोक्याचं, जेवणानंतर मात्र दहा-पंधरा मिनिटं चाला. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, जेवणानंतर ती फार चढत नाही. आपल्याकडची शतपावली तीच.

आता रात्रीची ताटं उचलली की मी नानांसोबत स्टेशनाच्या बाजूला जातो. खिशात दोन साखरेच्या पुड्या असतात. ते संथ चालतात आणि मी त्यांच्या पावलाला पाऊल जुळवतो.