खांदा कोण देणार?

विजापूर वेशीजवळचं आमचं वडिलोपार्जित घर म्हणजे दोन खोल्या, एक माळा आणि एक मोरी. दोघा भावांची मुलं मोठी झाली, तेव्हा मी जुळे सोलापूरच्या बाजूला घर बघायला लागलो. बैठ्या बंगल्यांची एक जुनी कॉलनी आवडली. दारोदारी तुळस, कडेला बदामाची झाडं, संध्याकाळी पोरांचं क्रिकेट. मुलगी म्हणाली, "अब्बा, इथे माझं टेबल बसेल."

अम्मीचा मात्र एकच प्रश्न होता. "वां जनाजे कू खांदा कौन देगा?"

मी हसून उडवून लावलं. मालकाशी व्यवहार ठरला, एक्कावन्न हजार इसार दिला. नवव्या दिवशी ते स्वतः पैसे परत घेऊन आले. चहा घेतला. म्हणाले, "सर, माणूस म्हणून तुम्ही एक नंबर. पण कॉलनीतले लोक..."

वर्गात मी मुलांना 'अपूर्ण वाक्य पूर्ण करा' असा प्रश्न नेहमी घालतो. हे वाक्य आमच्या शाळेतल्या पाचवीच्या पोरांनीही बरोबर पूर्ण केलं असतं.

रागाच्या भरात कायदा वाचून काढला. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सदस्यत्व पारशांपुरतं ठेवू दिलं होतं. या कॉलनीच्या नियमांत तसं काही नव्हतं. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यानुसार तर पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही. तीन महिन्यांत उत्तर दिलं नाही, तर अर्जदार सदस्य झाला असं धरतात. पण हे सगळं घर विकत घेतल्यानंतरचं. मालकानेच विकायचं नाही म्हटलं, तर अर्ज कशाच्या जोरावर करणार? आम्हाला नकार मिळतो तो कायद्याच्या उंबरठ्याच्या अलीकडेच.

तरीही एक गोष्ट लपवणार नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतल्या एका चाचांनी घर विकायला काढलं, तेव्हा मशिदीबाहेर हीच चर्चा झाली होती, "गैरों कू मत देव." मी तिथेच उभा होतो. काही बोललो नाही.

वर्षभराने त्याच कॉलनीत मागच्या गल्लीतलं घर निघालं. मालकीणबाई निवृत्त परिचारिका. त्यांनाही दोघेजण समजवायला गेले होते. त्यांनी सांगितलं, "मी घर विकतेय, कॉलनी नाही." खरेदीखत झालं. सदस्यत्वाचा अर्ज अडीच महिने पडून राहिला, मग मंजूर झाला.

सुरुवातीला शेजारी बघून मान वळवायचे. भांडण कधी झालं नाही, बोलणंही नाही. मग एका पहाटे समोरचे आजोबा गेले. मी जाऊन कोपऱ्यात उभा राहिलो. तिरडी उचलली, गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या मुलाने मागे वळून पाहिलं आणि म्हणाला, "सर, जरा धरता का?"

मी खांदा दिला. घरी येऊन अम्मीला फोन केला. ती क्षणभर गप्प राहिली.

"तू दिया ना? बस. आगे का अल्ला देखेगा."

पुढच्या आठवड्यात ती राहायला येते आहे. मोहल्ल्यातली खोली मात्र विकायची नाही, असं तिने बजावलंय. मीही आग्रह धरला नाही.