रिच्चोलीचा चंद्र

मार्गशीर्ष शुद्ध नवमी
अंधार पडल्यावर गच्चीवर दुर्बीण लावली. चंद्राच्या दक्षिणेला क्लॅव्हियसचं अवाढव्य विवर नुकतंच उजेडात येत होतं, जवळच ब्लँकानस. ही नावं बोलोन्याच्या जोव्हान्नी बात्तिस्ता रिच्चोली या जेझुइट गणितज्ञाने दिलेली. त्याच्या १६५१ च्या ‘अल्माजेस्टुम नोव्हुम’मध्ये चंद्राचा नकाशा आहे, तो काढला त्याचा सहकारी फ्रान्चेस्को ग्रिमाल्दीने. ब्लँकानस म्हणजे ज्युसेप्पे बियांकानी, रिच्चोलीचा पार्मातला शिक्षक. थोर गणितज्ञ क्लॅव्हियसच्या शेजारी आपल्या गुरूला बसवणारा माणूस मला जवळचा वाटतो.

एकादशी
आज केप्लरवर सूर्य उगवला. कोपर्निकस तर लखलखत होता. दोघांनाही रिच्चोलीने वादळांच्या महासागरात ठेवलं आहे. पृथ्वी फिरते याच्या बाजूने ४९ आणि विरुद्ध ७७ युक्तिवाद मांडून त्याने निकाल विरुद्ध दिला. गॅलिलिओच्या शिक्षेचा मजकूरही त्याच ग्रंथात छापला, आणि ते वाचताना मन आजही कडू होतं. तरी ज्या कोपर्निकसचं म्हणणं नाकारलं त्याच्याच नावाने इतकं ठसठशीत विवर! रिच्चोली मनातून कोपर्निकसच्याच बाजूचा होता, असं काहीजण म्हणतात. मला तसं वाटत नाही. मत पटलं नाही तरी कामाचा मान ठेवायचा असतो, हे त्याला ठाऊक होतं.

द्वादशी
आभाळ भरलेलं. रात्रभर रिच्चोलीच्या प्रयोगांबद्दल वाचन.
पडणाऱ्या वस्तूचा वेग मोजायचा तर आधी वेळ मोजायला हवी, आणि सेकंद दाखवणारं भरवशाचं घड्याळ तेव्हा नव्हतं. म्हणून रिच्चोलीने लंबक घेतला. १६४२ च्या एप्रिलमध्ये त्याने नि सोबतच्या जेझुइटांनी आळीपाळीने एका दुपारपासून दुसऱ्या दुपारपर्यंत झोके मोजले. सेकंदाला एक, म्हणजे हवे होते ८६,४००. भरले ८७,९९८. त्याने तो आकडा तसाच लिहून ठेवला आणि लंबकाची लांबी पुन्हा सुधारायला बसला. त्या चिकाटीपुढे मी हात जोडतो.
मग बोलोन्याच्या उंच आसिनेल्ली मनोऱ्यावरून मातीचे गोळे सोडले. वेळ मोजायला आता आखूड, झपझप हलणारा लंबक. पाच झोक्यांत १० रोमन फूट, दहांत ४०, पंधरांत ९०, विसांत १६०, पंचविसांत २५०. म्हणजे प्रत्येक टप्प्यात १०, ३०, ५०, ७०, ९०: गॅलिलिओने सांगितलेलं विषम संख्यांचं प्रमाण! गॅलिलिओ चुकला असेल असं धरून निघालेला हा माणूस ग्रिमाल्दीला घेऊन तडक काव्हालिएरीकडे गेला. काव्हालिएरी गॅलिलिओचा शिष्य, बोलोन्यातच गणिताचा प्राध्यापक. तुमच्या गुरूचं खरं निघालं, हे त्याला स्वतः जाऊन सांगायचं होतं. ती भेट आठवली की एकादशीचा कडूपणा निवतो.

चतुर्दशी
चंद्राच्या पश्चिम काठावर ग्रिमाल्दी आणि रिच्चोली ही विवरं, एकमेकांना लागून. ग्रिमाल्दी १६६३ मध्ये गेला. प्रकाश अडथळ्याच्या कडेशी वळतो हे सांगणारा त्याचा ग्रंथ १६६५ मध्ये निघाला. त्याच्या विवराचा काळा तळ छोट्या दुर्बिणीतही चटकन सापडतो. रिच्चोलीचं अधिक काठावर, चपटं दिसणारं. त्याला शोधावं लागतं.