कॉम्प्युटर म्हातारा झाला नव्हता



दशलक्षण पर्व होऊन दोन महिने होत आले, दिवाळीचा फराळही संपला, आणि मी आत्ता पर्वातली गोष्ट सांगायला बसले आहे. खरं तर ही गोष्ट लिहायचीच नाही असं ठरवलं होतं, कारण तिच्यात माझी बाजू काही फार चांगली दिसत नाही. पण गेल्या आठवड्यात मंदिरातून बाहेर पडताना दोघीतिघींनी एकच तक्रार केली. "अगं, घरचा कॉम्प्युटर अपग्रेड केला आणि तेव्हापासून नुसता रखडतोय. व्हिडिओ अडकतो, खिडकी सरकवली तर मागे सावल्या राहतात. नवीनच घ्यावा लागणार बहुतेक." तेव्हा वाटलं, लाज बाजूला ठेवून सांगून टाकावं. कुणाचे तरी पैसे वाचतील.

आमचा कॉम्प्युटर 2019 चा. ह्यांनी ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग घेऊन जोडून आणलेला. इंटेलच्या नवव्या पिढीचा प्रोसेसर, 8 जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरच्या आतच जे ग्राफिक्स येतं तेवढंच. लॉकडाऊनमध्ये चिरंजिवांची शाळा त्याच्यावर झाली, आणि आता पाठशाळेची पत्रकं, पूजेची यादी, वाढदिवसांची शुभेच्छापत्रं हे सगळं मी त्याच्यावर करते.

विंडोज 10 चे मोफत सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबणार होते, हे तुम्ही सगळ्यांनी वाचलं असेल. आमच्या मशीनवर विंडोज 11 चालत होती, म्हणून पर्वाच्या आधीच्या रविवारी ह्यांच्या मित्राने पेन ड्राइव्हवरून, जुनं सगळं पुसून, नवी सिस्टिम टाकून दिली. जाताना तो म्हणाला, "वहिनी, नेट जोडलं की राहिलेलं सामान आपोआप उतरेल." मी मान डोलावली. आमच्याकडे ब्रॉडबँड नाही, फोनच्या हॉटस्पॉटवरच चालतं. रोजचा डेटा ठरलेला. तो संपू नये म्हणून मी हुशारीने 'मीटर्ड कनेक्शन'चं बटण चालू करून टाकलं. काटकसर केल्याचा आनंदही झाला. ते बटण लक्षात ठेवा.

यंदा पाठशाळेच्या मुलांसाठी मी भरत-बाहुबलींची गोष्ट पॉवरपॉइंटवर तयार करत होते. आमच्या बोरिवलीच्या मुलांना पोदनपूरच्या त्रिमूर्ती मंदिरातले बाहुबली ओळखीचे. सुट्टीत कोल्हापूरकडे गेलेल्यांनी कुंभोजचे 28 फुटी बाहुबलीही पाहिलेले. पण अंगावर वेली का, हे दरवर्षी कुणीतरी विचारतंच. म्हणून मी ठरवलं होतं की पडद्यावर माधवीच्या वेली हळूहळू पायांपासून खांद्यांपर्यंत चढताना दाखवायच्या. जुन्या सिस्टिमवर अर्धं काम झालं होतं आणि वेली छान चढत होत्या.

सोमवारी उघडून बघते तर वेली गुडघ्यापर्यंत यायच्या आणि थांबायच्या. मग एकदम कमरेवर उडी. मग पुन्हा थांबायच्या. माउस हलवला तर बाण दोन क्षणांनी यायचा. अक्षरं जाडसर आणि पुसट दिसायला लागली, तेव्हा मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. प्रवचनाचा व्हिडिओ लावला तर महाराजांचा आवाज पुढे आणि चेहरा मागे. आणि डब्यातला पंखा असा घरघरायचा, जणू आत कुणी मिक्सर लावलाय.

मी दोन निष्कर्ष काढले. एक, मशीन म्हातारं झालं. दोन, ते चिरंजिवांनी म्हातारं केलं.

चिरंजीव दहावीत आहेत आणि गेम खेळतात. "गेम खेळून खेळून कॉम्प्युटर बिघडतो" हे आपल्या घराघरातलं वाक्य आहे, मी काही ते शोधून काढलं नाही. पण ते मी बोलले भाद्रपद शुद्ध पंचमीला, पर्वाच्या पहिल्या दिवशी, उत्तम क्षमेच्या दिवशी. एकाशन होतं, संध्याकाळ झाली होती, वेली गुडघ्यावर अडकल्या होत्या. तो मागून येऊन म्हणाला, "आई, टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू दिसतच नाहीये. सगळं बेसिक डिस्प्ले अडॅप्टरवर चाललंय. ड्रायव्हर टाकायला हवा."

मी म्हणाले, "मला बेसिक गोष्टी शिकवू नकोस. तूच वाट लावलीस याची." आणि पासवर्ड बदलून टाकला.

त्यानंतर तो माझ्याशी कामापुरतं बोलायला लागला. "जेवायला ये" म्हटलं की येणार, ताट उचलून ठेवणार, खोलीत जाणार. मला वाटलं, वय आहे, होईल ठीक. तिसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या टेबलावर एक पेन ड्राइव्ह दिसला. वर चिकटपट्टी लावून त्याच्या अक्षरात लिहिलेलं : ग्राफिक्स. ग्राफिक्स म्हणजे गेमच असणार. मी तो उचलला आणि कपाटात, दागिन्यांच्या पावत्या ठेवते त्या डब्यात टाकला.

मधल्या काळात मी एका दुरुस्तीवाल्यालाही दाखवलं. त्याने मशीन उघडलंही नाही. म्हणाला, "सहा वर्षं झाली ना मॅडम? आता नवीनच घ्या." मी ह्यांच्याशी पैशांचं बोलूनही ठेवलं. घरात चालती वस्तू असताना दुसरी आणायची, तीही परिग्रह-परिमाणावर मुलांना धडा देणाऱ्या बाईने, हे मनाला टोचत होतं. पण रविवारी कार्यक्रम होता.

शुक्रवारी रात्री सांगलीहून भाचीचा फोन आला. ती इंजिनिअरिंगला आहे. सहज रडगाणं गायलं. ती म्हणाली, "मावशी, स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक कर. डिव्हाइस मॅनेजर उघड. डिस्प्ले अडॅप्टर्सच्या शेजारचा बाण दाब. काय लिहिलंय?"

मी वाचलं, "मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर."

"अगं, मग तुझं ग्राफिक्स चालूच नाहीये! ड्रायव्हर आलाच नाही. नेट मीटर्डवर ठेवलंयस का?"

मी गप्प. बेसिक हा शब्द मी आठ दिवसांपूर्वी ऐकला होता.

भाचीने मला जे समजावलं ते मी आपल्या भाषेत सांगते. साध्या फुल एचडी पडद्यावर 20 लाख 73 हजार 600 ठिपके असतात. पडदा सेकंदाला 60 वेळा नवा होतो. म्हणजे सेकंदाला 12 कोटी 44 लाखांहून जास्त ठिपके. रांगोळीचे म्हणा हवं तर. हे काम करायला ग्राफिक्सची वेगळी यंत्रणा असते, तिला एकाच वेळी हजारो ठिपके भरायची सवय असते. प्रोसेसर हुशार असतो, पण तो हिशेब करणारा. त्याला रांगोळी भरायला बसवलं तर तो भरेल, पण हिशेब बाजूला राहील आणि घाम फुटेल.

आता ही ग्राफिक्सची बाई घरात असूनही कामाला का लागत नाही? कारण तिची भाषा कुणाला येत नाही. समजा लग्नघरात बेळगावकडच्या, फक्त कानडी बोलणाऱ्या काकू आल्यात. पोळ्या लाटण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. पण त्यांना काय हवं ते सांगणारी दुभाषी बाईच आली नाही, म्हणून त्या कोपऱ्यात पाटावर बसून राहिल्यात आणि यजमानीण एकटी दोनशे पोळ्या लाटतेय. ती दुभाषी म्हणजे ड्रायव्हर. सिस्टिम नवी आली की जुनी दुभाषी जाते, नवी बोलवावी लागते. ती येईपर्यंत पडदा काळा राहू नये म्हणून तात्पुरती एक व्यवस्था असते, ती म्हणजे बेसिक डिस्प्ले अडॅप्टर. चित्र दिसतं, पण सगळा भार प्रोसेसरवर. म्हणून पंखा घरघरत होता.

नवी दुभाषी बहुतेक वेळा अपडेटमधून आपोआप येते. पण नेट मीटर्ड असेल तर विंडोज ड्रायव्हर उतरवत नाही, कारण आपणच तिला सांगितलेलं असतं की डेटा जपून वापर. म्हणजे दार मीच लावून घेतलं होतं. सिस्टिमचा दोष नव्हता, मशीनचा नव्हता, मित्राचाही नव्हता. त्याने सांगितलं होतं.

"मग आता इंटेलच्या साइटवरून ड्रायव्हर उतरव," भाची म्हणाली. त्या दिवसाचा डेटा संपला होता. आणि मला कपाटातला डबा आठवला.

पेन ड्राइव्हमध्ये गेम नव्हता. एकच फोल्डर, त्यात एकच फाइल : आमच्याच प्रोसेसरच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर. मित्राच्या घरून उतरवून आणला होता. मी ऐकत नाही म्हणून टेबलावर ठेवून दिला होता, आणि मी तो विचारल्याशिवाय उचलून ठेवला होता.

फाइल चालवली. दोन-तीन सेकंद पडदा पूर्ण काळा झाला, माझ्या पोटात गोळा आला. मग तो उजळला, अक्षरं रेखीव झाली, पंख्याचा आवाज खाली आला. पॉवरपॉइंट उघडलं. वेली पायांवरून गुडघ्यांवर, मांड्यांवर, दंडांवर, कुठेही न अडखळता खांद्यांपर्यंत गेल्या. मला आनंद व्हायला हवा होता. मी तिथेच बसून राहिले.

रविवारी कार्यक्रम झाला, मुलांना वेली फार आवडल्या, सगळ्यांनी कौतुक केलं. चिरंजीव आले नव्हते.

सोमवारी क्षमावाणी. दरवर्षीप्रमाणे मी शुभेच्छाचित्र केलं. कमळ, हात जोडलेले, 'जाणता-अजाणता झालेल्या चुकांबद्दल उत्तम क्षमा'. सकाळी सात वाजता ते दोन-अडीचशे जणांना पाठवलं. ज्यांना मी वर्षभरात भेटलेही नाही त्यांची क्षमा मागून झाली. मोबाइल खाली ठेवला तेव्हा शेजारच्या खोलीतून वह्यांचा आवाज येत होता.

मैत्रिणींनो, मोठ्यांच्या पाया पडून क्षमा मागणं सोपं असतं. आपण जन्माला घातलेल्या मुलासमोर उभं राहून "माझं चुकलं" म्हणणं किती अवघड आहे ते मला त्या दिवशी कळलं. दारात दोनदा जाऊन परत आले. शेवटी पेन ड्राइव्ह हातात घेऊन गेले. म्हणाले, "तू बरोबर सांगत होतास. मी ऐकलं नाही. हे गेम आहे असं समजून लपवून ठेवलं. तुझ्यावर खोटा आळ घेतला. मला क्षमा कर."

तो वहीतून वर न बघता म्हणाला, "तू उघडून तरी बघायचं होतंस ना."

एवढंच. मला वाटलं होतं तो हसेल, "जाऊ दे गं" म्हणेल. तो तसं म्हणाला नाही. मी "हो" म्हणाले आणि तिथेच पलंगावर बसले. थोड्या वेळाने तो म्हणाला, "पासवर्ड काय ठेवलायस?" मी सांगितला. संध्याकाळी तो स्वतः येऊन ट्रान्सपरन्सी आणि अॅनिमेशनचे इफेक्ट बंद करून गेला, म्हणाला, "याने अजून थोडं हलकं होईल." त्याची क्षमा बहुधा अशीच असते.

आता तुमच्या कामाचं. अपग्रेडनंतर पहिले एक-दोन दिवस मशीन आतल्या आत आवराआवर करत असतं, तेवढं थांबा. त्यानंतरही पडदा अडखळत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्स बघा. तिथे 'बेसिक' दिसलं तर ड्रायव्हर हवा आहे. नेट मीटर्ड असेल तर ते बटण बंद करून अपडेट चालवा, किंवा मशीन अथवा चिप बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या. 'सगळे ड्रायव्हर फुकट दुरुस्त करतो' म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. ज्यांचं अपग्रेड अजून व्हायचंय त्यांनी आधी ग्राफिक्सचं नाव कागदावर लिहून ठेवा, ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घ्या आणि फोटोंची प्रत काढा. न पुसता अपग्रेड केलं असेल आणि जमत नसेल, तर 10 दिवसांच्या आत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून मागे फिरता येतं. आणि ज्यांचं मशीन विंडोज 11 घेतच नाही, त्यांच्या विंडोज 10 ला नोंदणी केल्यास 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत सुरक्षा अपडेट मिळू शकतात. म्हणजे घाईने भंगारात टाकायचं कारण नाही.

आमचं 2019 चं मशीन अजून चालतंय. हा लेखही त्याच्यावरच लिहिला. पेन ड्राइव्ह आता पावत्यांच्या डब्यात नाही, टेबलावर असतो. चिकटपट्टी तशीच ठेवली आहे.

उत्तम क्षमा.