धावणे आणि पळणे

पायांच्या वेगवान गतीसाठी मराठीत दोन क्रियापदे आहेत. शाळेत ती समानार्थी म्हणून शिकविली जातात आणि शर्यतीपुरती ती तशी आहेतही. परंतु वाक्प्रचारांत शिरताच त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. संकटात जो येतो तो धावून येतो. संकट टाकून जो जातो तो पळून जातो. देवाचा धावा करतात, रणातून पळ काढतात. वारीत वेळापूरच्या अलीकडच्या उतारावर वारकरी जो वेग घेतात त्यालाही धावा असेच नाव आहे; पंढरपूर जवळ आल्याच्या ओढीने घेतलेल्या त्या वेगाला पळणे असे कोणी म्हणणार नाही. अपवाद अर्थातच आहेत, पण स्थूलमानाने धावण्याला ‘कोणाकडे’ असे विचारावे लागते आणि पळण्याला ‘कशापासून’. हा भेद मी वर्गात अनेकदा सांगितला आहे. तो माझ्या स्वतःच्या पायांनाही लागू पडतो, हे ध्यानात येण्यासाठी मात्र रायपूरला यावे लागले.

मी धावू लागले ती वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, वडील गेले त्या वर्षी. पहाटे साडेचारला घराबाहेर पडावे, सातला परतावे, स्नान उरकून विद्यापीठ गाठावे, असा क्रम ठरून गेला. घरात आई आणि मी दोघीच. वडिलांची खुर्ची, त्यांचा चष्मा, सकाळच्या चहाची तिसरी न भरलेली कपबशी, या सर्वांच्या सहवासात आई त्या वेळी एकटी असे. दार उघडताना ती कधी कधी विचारी, “किती पळशील गं?” मी किलोमीटरचा आकडा सांगत असे. प्रश्न आकड्याचा नव्हता.

चार वर्षांत अंतर वाढत गेले आणि त्याबरोबर हावही. गेल्या जानेवारीत एका रविवारी मुंबईची मॅरेथॉन आणि लगेच पुढच्या रविवारी दुसरी, असा बेत मी केला. दुसरी रायपुरात, कारण एका सत्रासाठी तेथे अभ्यागत म्हणून रुजू व्हायचे होते. तेथे त्या दिवशी कोणतीही स्पर्धा नव्हती, पण ४२.१९५ किलोमीटर हे अंतर स्पर्धेवाचूनही तेवढेच असते. लागोपाठच्या मॅरेथॉनचे वेड आज अपूर्व राहिलेले नाही. पुण्याच्या आशीष कासोदेकर यांनी २०२१-२२ च्या हिवाळ्यात साठ दिवसांत साठ मॅरेथॉन पुऱ्या केल्या. त्यांच्यापुढे माझ्या दोन म्हणजे बाराखडीतली पहिली दोन अक्षरे. तरीही सामान्य शरीराला ती जड जातात. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास स्नायूंतला साखरेचा साठा संपत येतो; तो काही दिवसांत भरून निघतो, पण फाटलेले स्नायुतंतू सांधायला आठवडे लागतात. आठ दिवसांनी पुन्हा उभा राहणारा धावपटू ताजा नसतो. पहिल्या धावेची थकबाकी घेऊनच तो दुसरीत उतरतो.

आईला बरोबर न्यायचे ठरले, कारण रायपूर हे तिचे माहेर. १९७३ साली लग्न होऊन तिने ते सोडले तेव्हा ते मध्य प्रदेशातले एक शहर होते; आता ते २००० साली झालेल्या छत्तीसगडची राजधानी आहे. आजोळची मंडळी पुढे पांगली, घर विकले गेले आणि गेल्या तीस वर्षांत तिचे तिकडे जाणेच झाले नाही. “तू नेशील तेव्हा जाईन,” असे ती म्हणे. मी नेले खरे. पण माझ्या दोन शर्यतींच्या मध्ये बसवून नेले.

मुंबईची शर्यत नीट पार पडली. मंगळवारी रात्री आम्ही हावडा मेलसाठी स्थानकावर आलो तेव्हा मांड्या इतक्या दुखत होत्या की पादचारी पुलाची पायरी उतरवेना. चढणे जमत होते, उतरणे नाही. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे ओझे पेलत असतो, आणि दुखापत नेमकी तेथेच झालेली असते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गुडघे झिजलेल्या माझ्या आईने एका हाताने कठडा धरला, दुसऱ्या हाताने मला, आणि एकेक पायरी मोजीत तिने मला खाली आणले. हमाल हसला. आईही हसली. मला हसू आले नाही.

दुसऱ्या दिवशी गोंदिया मागे पडले आणि गाडी साल्हेकसा-दरेकसाच्या जंगलातून डोंगरगडकडे निघाली. फेरीवाल्यांची मराठी हळूहळू हिंदीत मिसळली आणि मग दोन्हींहून निराळे हेल कानावर येऊ लागले. राजनांदगाव आले तेव्हा साहजिकच गजानन माधव मुक्तिबोध आठवले. १९५८ पासून अखेरच्या आजारापर्यंत ते येथल्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत होते. घर मराठी; थोरला भाऊ हिंदीचा कवी, धाकटे शरच्चंद्र मराठीचे. त्यांच्याही आधी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे, टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे माधवराव सप्रे. ते १९२६ मध्ये रायपुरातच वारले. आपल्याकडील चर्चेत अशा लेखकांबद्दल ‘ते मराठीपासून दूर गेले’ असा एक हळहळीचा सूर असतो. तो मला नेहमीच अन्यायाचा वाटला आहे. ही माणसे मराठीपासून पळाली नाहीत. दुसऱ्या भाषेकडे धावून गेली. हे मी आईला उत्साहाने सांगू लागले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “तात्यापाऱ्यात कधी जायचं?”

तात्यापारा ही रायपुरातली जुनी मराठी वस्ती. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४१ मध्ये छत्तीसगडात उतरल्या, पुढे बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले, आणि त्या काळापासून १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत व त्यानंतरही अनेक मराठी कुटुंबे या मुलखात स्थिरावली. आईचे घराणे त्यांतलेच, असे आजोबा सांगत. आमच्या निवासापासून तात्यापारा रिक्षाने फार तर वीस मिनिटांवर. पण गुरुवारी मी रुजू झाले, शुक्रवारी पायांना विश्रांती हवी होती, शनिवारी लवकर निजायचे होते. “रविवारचं होऊन जाऊ दे, मग जाऊ,” असे मी तिन्ही दिवस म्हणाले. आईने तिसऱ्या दिवशी विचारलेच नाही.

नव्या रायपुरातले रस्ते रुंद, सरळ आणि सुट्टीच्या पहाटे बहुतेक निर्मनुष्य असतात. सव्वापाच किलोमीटरहून किंचित मोठी अशी एक फेरी मी आखली होती. आठ फेऱ्यांत मॅरेथॉन पुरी होत होती. आरंभाच्या जागी एका झाडाखाली घडीची खुर्ची टाकून, शाल पांघरून आई बसली. तिच्याजवळ पाणी, केळी, मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली. दर फेरीला ती पेला पुढे करी, मी न थांबता घेई. पहिल्या तीन फेऱ्या अंधारात आणि धुक्यात गेल्या. चौथीत उजाडले. पाचवीपासून मांड्यांनी मुंबईचा हिशेब मागायला सुरुवात केली.

बारामतीच्या लता भगवान करे त्या वेळी मनात येत होत्या. पतीच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून साठी ओलांडलेली ही बाई २०१३ साली लुगड्यात, अनवाणी, ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत उतरली आणि जिंकली. पुढे २०२० मध्ये त्यांच्यावर निघालेल्या चित्रपटात त्यांची भूमिका त्यांनीच केली. तीनच किलोमीटर, पण ते कोणासाठी, हे त्यांना ठाऊक होते. मी बेचाळीस धावत होते, आणि माझे माणूस रस्त्याच्या कडेला थंडीत बसून माझ्या येण्याची वाट पाहत होते.

सहावी फेरी संपवून आले तेव्हा खुर्ची रिकामी होती. शाल खुर्चीच्या पाठीवर, पेला पाण्याने भरलेला, आई नाही.

त्या क्षणी मी काय विचार केला हे सांगता येत नाही, कारण विचार केलाच नाही. आखलेला रस्ता सोडून मी बाजूच्या कच्च्या वाटेवर वळले. पाय दुखत होते की नाही, ते मला आठवत नाही. सुमारे दोनशे पावलांवर, एका बांधावर आई बसलेली दिसली. शेजारी भाजीची टोपली उतरवून ठेवलेली एक बाई. दोघी बोलत होत्या, आणि आई छत्तीसगढी बोलत होती. अडखळत नव्हे, झऱ्यासारखी, मध्येच हसत, हात हलवीत. शेचाळीस वर्षांत त्या भाषेतले एक वाक्यही मी तिच्या तोंडून ऐकले नव्हते. मुंबईत ती कोणाशी बोलणार होती? आणि मी, भाषांच्या तुलनेवर पदवी मिळविलेली, घरातल्या या भाषेची चौकशी कधी केली होती?

मला पाहताच ती त्या बाईला म्हणाली, “ए मोर नोनी आय.” ही माझी मुलगी. मग माझ्याकडे वळून मराठीत, “अगं, एवढी धावत का आलीस?”

चार वर्षांत माझ्यासाठी तिने हे क्रियापद प्रथमच वापरले. तिने ते जाणून वापरले नाही, हे मला माहीत आहे. भाषा पुष्कळदा बोलणाऱ्याच्या नकळतच नेमकी असते.

“दोन फेऱ्या राहिल्या ना? जा, मी आहे इथेच,” ती म्हणाली. मी बांधावर बसले. एकदा बसल्यावर पाय उठणार नव्हते, हेही खरे. त्यागाचा आव आणण्याचे कारण नाही. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये भारताचे दोन धावपटू मॅरेथॉन धावले: बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. चौगुले २ तास ५० मिनिटांत एकोणिसावे आले. दातारांची शर्यत पुरी झाली नाही. इतिहासाने चौगुल्यांना लक्षात ठेवले, ते योग्यच. पण अपुऱ्या राहिलेल्या शर्यतीतही माणूस कोठेतरी पोचलेला असतोच.

दुपारी आम्ही तात्यापाऱ्यात गेलो. आजोबांच्या घराच्या जागी तीन मजली इमारत होती, खाली दुकाने. आई समोरच्या फुटपाथवर थोडा वेळ उभी राहिली. आड कोठे होता ते तिने बोटाने दाखविले. तेथे आता मोबाईलचे दुकान आहे. मग बुढातालाबाच्या काठी जाऊन बसलो. पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. त्या उतरताना कोणी कोणाला धरले होते, ते सांगणे कठीण.

पहाटे मी अजूनही बाहेर पडते. आता सहा वाजता, आणि अंतर थोडे. परतल्यावर आईकडून रोज छत्तीसगढीतले एक वाक्य शिकते. माझे उच्चार ऐकून ती मनापासून हसते.