गवताचा अपराध

बारामतीला नोकरीसाठीं आलों त्याला आतां सव्वीस वर्षें होतील. या सव्वीस वर्षांत मीं विद्यार्थ्यांना वाय नदीच्या कांठचें रान किती वेळां दाखविलें याची गणती नाहीं. वर्ड्स्वर्थची ‘टिंटर्न ॲबे’ ही कविता १७९८ सालची, नदी वेल्सच्या सरहद्दीवरची, आणि माझा वर्ग कऱ्हेच्या कांठचा. ज्या गांवीं मोरोपंतांनीं आपल्या आर्या रचल्या आणि १७९४ सालीं देह ठेवला, त्या गांवांत बसून मी चार वर्षांनंतरच्या एका परक्या कवीच्या झाडांची सांवली पोरांवर धरीत असें. समोरच्या बांकावर अशींहि कांहीं मुलें असत, कीं ज्यांच्या घरचीं मेंढरें त्याच सकाळीं माळावर गेलेलीं असावींत. तीं मन लावून ऐकत आहेत असें पाहिलें म्हणजे, आपण यांना निसर्गाकडे पाहण्याची दृष्टि देत आहों, अशा समाधानानें मी चष्मा पुसत असें.

या भागाचे दोन तोंडवळे आहेत. एक कालव्याखालचा. नीरेचा डावा कालवा १८८० नंतरच्या दशकांत वाहूं लागला आणि त्याच्या खालच्या अंगाला ऊंस, गुऱ्हाळें, पुढें साखर कारखाने असा हिरवा पट्टा उभा राहिला. दुसरा तोंडवळा कालव्याच्या वरच्या अंगाचा. तेथें पाऊस वीस-बावीस इंच, तोहि मनाला येईल तेव्हां. सुप्यापासून इंदापूरपर्यंत जागोजाग पसरलेला हा माळ मोटारीच्या खिडकींतून मीं शेंकडों वेळां पाहिला होता. म्हणजे खरें सांगावयाचें तर, त्या वेळीं मी वर्तमानपत्र वाचीत होतों. मोरगांवच्या गणपतीला जावें, चार कोपऱ्यांवर चार मनोरे असलेलें तें आगळें देऊळ आणि त्याच्यासमोरचा नंदी पाहुण्यांना कौतुकानें दाखवावा, आणि परत यावें. मधला माळ हा केवळ अंतर होता.

एकदांच काय तो मी माळावर उतरलों, आणि तोहि त्याला सुधारण्यासाठीं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षीं राष्ट्रीय सेवा योजनेचें शिबिर घेऊन मी बारामती-इंदापूरच्या शिवेवरील एका गांवीं गेलों. गांवाचें मोठें गायरान होतें. सात दिवसांत आम्हीं तेथें हजारावर खड्डे खणले, आणि पहिल्या पावसाबरोबर त्यांत उंदीरमारीचीं व सुबाभळीचीं रोपें लावलीं. उंदीरमारीला गुरें तोंड लावीत नाहींत आणि सुबाभूळ कशाहि जमिनींत वाढते, एवढें मला ठाऊक होतें. आणि झाड लावणें हें पुण्य आहे, याविषयीं तर शंकाच नव्हती. एक म्हातारा धनगर काठीवर हनुवटी टेकून आमचें काम पाहत उभा होता. बऱ्याच वेळानें त्यानें विचारलें, “मास्तर, गवतानं काय वाकडं केलंय तुमचं?”

आम्ही सारे हंसलों. रात्रीं शेकोटीपाशीं एका मुलानें म्हाताऱ्याची नक्कलहि केली, आणि मीं ती करूं दिली. त्या शिबिराचें छायाचित्र पुढें कित्येक वर्षें माझ्या खोलींत भिंतीवर होतें. त्यांत मी हातीं रोप घेऊन उभा आहें. म्हातारा त्यांत नाहीं.

हा प्रश्न मला पुन्हां भेटला तो फार दूर. माझी मुलगी शिक्षणासाठीं लिव्हरपूलला होती. दोन वर्षांपूर्वी मी तिच्याकडे गेलों तेव्हां ती मला वेल्सच्या वायव्येकडील अँगलसी बेटावर घेऊन गेली. टेलफर्डनें १८२६ सालीं बांधलेल्या झुलत्या पुलानें मेनायची सामुद्रधुनी ओलांडली कीं बेट लागतें. दक्षिण टोंकाला न्यूबरो नांवाचें रान आहे. उंच पाइन वृक्ष, खालीं मऊ सुया, तांबड्या खारी, आणि झाडी संपतां संपतां समुद्रांत शिरलेला लँडविनचा खडकाळ भाग, त्यावर जुन्या देवालयाचे भग्न अवशेष व दीपगृह. जन्मभर पुस्तकांत वाचलेलें रान एकदांचें भेटलें, अशा आनंदांत मी होतों. इतक्यांत मुलगी म्हणाली, “बाबा, झाडं रांगेत आहेत बघा.”

खरोखरच तीं रांगेंत होतीं. तें रान १९४७ पासून पुढें अठरा-एक वर्षांत माणसांनीं लावलेलें आहे. त्यापूर्वी तेथें वाळूच्या टेंकड्या होत्या आणि त्यांवर मॅरम नांवाचें चिवट गवत. चौदाव्या शतकांतील वादळानें तेथील शेतांवर वाळू पसरली. तेव्हां ती वाळू धरून ठेवणारें गवत कोणी कापूं नये, असा निर्बंध पुढें राणी एलिझाबेथच्या काळांत घालण्यांत आला. तरी त्याच गवताच्या चटया व दोर विणून न्यूबरोच्या कुटुंबांनीं पिढ्यान् पिढ्या पोट भरलें. मग वाळू आवरण्यासाठीं आणि लांकडासाठीं झाडें आलीं, आणि झाडांखालीं त्या टेंकड्या व त्यांवरच्या नाजूक वनस्पति नाहींशा झाल्या. जो भाग झाडांवांचून राहिला, तो आज राखीव म्हणून जपला जातो. हें सर्व ऐकत असतां माझ्या कानांत मात्र काठीवर हनुवटी टेकलेल्या माणसाचा आवाज घुमूं लागला. हजारों मैलांवर जाऊन मला माझ्याच तालुक्याचा प्रश्न समजावा, ही इंग्रजी शिक्षणाची थोरवी म्हणावी कीं विटंबना, हें वाचकांनींच ठरवावें.

गेल्या जानेवारींत, एका पहांटे, मी सुप्याच्या अभयारण्यांत गेलों. मोरगांवच्या मयूरेश्वराचेंच नांव धारण करणारें हें अभयारण्य १९९७ सालीं जाहीर झालें. विस्तार अवघा पांच चौरस किलोमीटरांच्या थोडा वर. पायीं हिंडणाऱ्याला पुरून उरेल, पण वाघाच्या कल्पनेनें येणाऱ्याची निराशा करील. वनरक्षक पुढें आणि मी मागें असे चाललों. खैर, हिवर, बोर, तरवड हीं झाडेंझुडपें एकमेकांपासून अंतर राखून उभीं होतीं आणि मधलें सगळें राज्य गवताचें. वाळलेलें, पिवळें, गुडघ्याएवढें. चंडोल मधूनच वर उसळे आणि गात गात खालीं येई. माळटिटवीनें आमच्यावर आरडाओरडा केला. आणि मग वनरक्षकानें हात वर करून मला थांबविलें.

मला कांहींहि दिसेना. त्यानें बोट दाखविलें तेथें केवळ गवत होतें. मग त्या गवतांत एक काळी शेपटी हलली, आणि त्या शेपटीभोंवतीं हळूहळू एक प्राणी तयार झाला; पाठीचा रंग माळाचाच, पाय वाळल्या काडीसारखे, शिंगें सरळ. चिंकारा! त्यानें पुढचा पाय आपटला, शिंकल्यासारखा आवाज केला, आणि दुसऱ्या क्षणीं तो दूर गेला. हा प्राणी दिवसचे दिवस पाण्यावांचून राहूं शकतो. पाल्यांतला ओलावा आणि दंव त्याला पुरतें. त्याचा बचाव दोनच गोष्टींत आहे: दूरवर पाहणें आणि वेगानें पळणें. दाट झाडींत हीं दोन्हींहि शस्त्रें निकामी होतात. म्हणजे माझ्या मनांतलें आदर्श रान हें त्याला तुरुंगासारखें.

परत येऊन दगडावर बसलों आणि मोज्यांत रुतलेलीं कुसळें एकेक करून काढूं लागलों. दुसऱ्याच्या डोळ्यांतलें कुसळ दिसणाऱ्या आणि आपल्या डोळ्यांतलें मुसळ न दिसणाऱ्या माणसाची म्हण अशा वेळीं आठवूं नये, पण आठवलीच.

मग मीं थोडें वाचन केलें, आणि ध्यानांत आलें कीं गवताला अपराधी ठरविण्याचा जुना दप्तरहि आमच्याच मुलखांतला आहे. प्रिंगलसाहेबाची सारा-आकारणी असह्य होऊन इंदापूर तालुक्यांतील जमिनी पडूं लागल्या, तेव्हां १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट या दोघांनीं तेथें नवी मोजणी सुरू केली. तीच पद्धत पुढें मुंबई इलाख्यांत रूढ झाली. मातीची खोली व पोत पाहून जमिनीच्या नऊ प्रती ठरल्या आणि प्रत्येकीची किंमत आण्यांत मांडली गेली. शेतकऱ्याचा भार त्यानें हलका झाला, हें मान्य केलेंच पाहिजे. पण ज्या तुकड्यांत पीक येत नाहीं, त्याला आण्यांत मोल नाहीं. सातबाराच्या उताऱ्यावर त्याचें नांव आजहि ‘पोटखराबा’. ज्या प्रकारच्या जमिनीवर मेंढरांचें आणि मेंढरांमागें माणसांचें पोट भरतें, तिच्याच नांवांत पोट खराब असावें, हा शब्दाचा विनोद मला पूर्वी कधीं सुचला नव्हता.

शेवटीं मी त्या गायरानावर गेलों. उंदीरमारी बहुतेक मेली होती. सुबाभूळ जगली होती, फोफावली होती, आणि तिनें आपलें बीं आमच्या खड्ड्यांच्या कितीतरी पलीकडे पसरविलें होतें. आंत सांवली होती. गवताची काडी नव्हती. आणि झाडें, अर्थात्, रांगेंत होतीं. म्हातारा वारला, असें गांवांत समजलें. त्याचा मुलगा मेंढरें राखतो. दिवाळीनंतर कोंकणाकडे उतरतो, पूर्वीपेक्षां लौकर, कारण गायरानांत आतां चारा पुरत नाहीं. मीं आपलें नांव सांगितलें. त्याला मी आठवत नव्हतों. “झाडं सरकारनं लावली,” तो म्हणाला. मीं त्याची चूक दुरुस्त केली नाहीं. ती करावयास हवी होती, हें मला तेव्हांहि कळत होतें.

आतां वनखात्यानें इंदापुरांतील कडबनवाडी आणि बारामतींतील शिर्सुफळ येथें लोकांना माळ दाखविण्यासाठीं सफरी सुरू केल्या आहेत. माळालाहि पाहुणे येऊं लागले, हें चांगलेंच झालें. पण आमच्या महाविद्यालयाचें पत्र यंदाहि टेबलावर आलें आहे: वृक्षारोपण, एक हजार रोपें, जागा गायरान, प्रमुख मी. मीं उत्तर लिहिलें कीं रोपें शाळेभोंवतीं, रस्त्याच्या कडेला आणि शेताच्या बांधावर लावूं. रोपें कडुनिंबाचीं, चिंचेचीं असावींत. आणि गायरानांतली सुबाभूळ मुळासकट काढण्यासाठीं मला चाळीस विद्यार्थी व सात दिवस द्यावेत. झाडें तोडण्याचें शिबिर! पत्र वाचून वरिष्ठांनीं मला बोलावून घेतलें आणि माझ्या प्रकृतीची चौकशी केली. निर्णय अजून व्हावयाचा आहे.

भिंतीवरचें छायाचित्र मीं मात्र काढलेलें नाहीं. वर्गांत ‘टिंटर्न ॲबे’ शिकवून आलों म्हणजे त्याच्याकडे पाहतों, आणि जो माणूस त्यांत नाहीं त्याला उत्तर देण्याचा प्रयत्न करतों.