पथ्याची वही : गुहागरची काही टिपणे

सकाळची पहिली नोंद हातांची. मूठ पुरती वळते का, खवणीवर नारळाची अर्धी कवड खवून होते का, आखडलेली बोटं किती वेळाने मोकळी होतात. आमवातात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवातात, हा आखडलेपणा तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो. वयामुळे झिजलेल्या सांध्यांत तो बहुधा अर्ध्या तासाच्या आत जातो. ‘आज बरं नव्हतं’ एवढ्या नोंदीतून डॉक्टरांना काही कळत नाही. वेळ लिहिली की कळतं.

•

शेजारच्या काकू सांगतात, “गो, आधी वांगं सोड.” वांगं, बटाटा, हरभऱ्याची डाळ, सगळं वातूळ म्हणून बाद. वांग्या-टोमॅटोने आमवात उसळतो याला भक्कम पुरावा नाही. एखादीला त्रास होतही असेल, पण तो तिच्या स्वतःच्या वहीत पुन्हापुन्हा दिसायला हवा. विडी-सिगारेटने आमवाताचा धोका वाढतो हे मात्र पक्कं ठाऊक आहे, आणि ते पथ्य घरात कुणी मोठ्याने सांगत नाही.

•

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. ताजी मासळी थांबते, डब्यातली सुकट आणि सोडे बाहेर येतात. याच दिवसांत भिंतींना ओल येते, कपाटात बुरशी धरते, घरोघर सर्दी-ताप फिरतो. मग श्रावण लागतो. कित्येक घरांत मासे पूर्ण बंद होतात. साबुदाणा आणि शेंगदाण्याचं कूट वाढतं. अशा वेळी अंगावर पित्त उठलं तर बोट जूनमधल्या सुकटीकडे जातं. शेंगदाणा ही ॲलर्जीची नेहमीची वस्तू, पण उपासाच्या पदार्थावर संशय घ्यायला मन धजत नाही. आपल्याकडे ऋतूच ताट बदलतो, आणि हवाही त्याच वेळी बदलते. म्हणून स्वतःहून काही बदलायचं तर एका वेळी एकच गोष्ट.

•

वहीत नुसतं ‘बांगडा’ लिहू नये. बांगडा, सुरमई, कुपा असे मासे बर्फाविना राहिले की त्यांच्यात जंतू वाढतात आणि हिस्टामिन तयार होतं. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, डोकं ठणकतं, अंगाला खाज सुटते. तळून किंवा उकळून ते हिस्टामिन जात नाही. हा त्या शिळ्या माशाचा दोष. तोच बांगडा ताजा असला तर निभतो. तेव्हा लिहावं : मासा कधी आणला, बर्फात होता का, त्याच ताटातल्या आणखी कुणाला त्रास झाला का.

कोलंबीचं वेगळं. तिच्यातलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन शिजवूनही टिकतं, आणि तशाच प्रथिनामुळे कुर्ल्याही बाधू शकतात. पण कोलंबी न सोसणाऱ्याला सुरमई सोसू शकते. तपासणी करून घेतली तर ‘मासे बंद’ हा सरसकट हुकूम टळतो. ओठ-जीभ सुजली, श्वास अडकला, तर मात्र तडक दवाखाना. आणि तो पदार्थ घरी पुन्हा चाखून बघायचा नाही.

•

शिमग्यात पालखी दारी येते, दुपारभर उन्हात उभं राहणं होतं, जेवायला पुरणपोळी. पुढच्या आठवड्यात गालांवर लाली आणि सांध्यांत कळ आली की दोष पुरणाला. ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, असलेल्या बाईला ऊन हेच मोठं निमित्त असतं आणि त्याचा परिणाम काही दिवसांनीही दिसतो. किनाऱ्यावर वाळू आणि पाण्यावरून किरण उलटून येतात, ढगांतूनही पोचतात. वहीत जेवणाशेजारी उन्हाचा, झोपेचा आणि तापाचा रकाना हवाच.

•

“पोळी सोडली आणि पोट बरं झालं.” हे ऐकलं की मी विचारते, आधी सिलिॲकची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने आतडं बिघडण्याच्या आजाराची, रक्ततपासणी केली होती का? ती गहू खात असतानाच करावी लागते. गहू सोडून बरेच दिवस झाले की आजार असूनही तपासणी कोरी येऊ शकते.

•

रक्ताच्या एका नमुन्यावरून शेकडो पदार्थांची ‘न सोसणारी’ यादी देणाऱ्या आयजीजी तपासण्या विकल्या जातात. आयजीजी हे रक्तातलं एक प्रतिपिंड, आणि ते बहुतेक वेळा एवढंच सांगतं की तो पदार्थ तुमच्या खाण्यात आहे. युरोपातल्या ॲलर्जी-तज्ज्ञांच्या संस्थेने २००८मध्येच या चाचणीवर निदान करू नये असं सांगितलं. तो पैसा चिपळूणला तज्ज्ञाला दाखवायला जाण्यात घालावा.

•

दूध, मासे, डाळी असं एकेक सोडत गेलेल्या बायका मी पाहते. शेवटी ताटात पेज आणि लोणचं उरतं. सांधे तसेच दुखतात, वर अशक्तपणा. म्हणून सोडलेल्या प्रत्येक पदार्थासमोर तो परत सुरू करायची तारीखही लिहावी. दोन-चार आठवड्यांत फरक पडला नाही तर पदार्थ निर्दोष, ताटात परत. फरक पडला तर डॉक्टरांना विचारून थोडा खाऊन बघावा, आणि त्रास पुन्हा झाला तरच तो बाद. या काळात मेथोट्रेक्सेट किंवा स्टेरॉइडची गोळी आपल्या मनाने थांबवू नये. गोळी सुटल्याने दुखणं उसळलं तर तो आळही बिचाऱ्या वांग्यावरच येईल.