क्लॅरनेट आणि कॅसिओ

'युरोप' नावाचा एक रॉक बँड आहे, स्वीडनचा. नाव ऐकलं नसेल तरी 'द फायनल काउंटडाउन'ची सुरुवातीची धून तुम्ही नक्की ऐकलीय. 1986 चं गाणं. शाळेच्या गॅदरिंगपासून टीव्हीवरच्या जाहिरातींपर्यंत कुठेही वाजतं. आमच्या सटाण्यात तर ते लग्नाच्या वरातीत वाजलंय, क्लॅरनेटवर! पण ते नंतर.

त्या धुनेतला हिरो कीबोर्ड आहे, गिटार नाही. आणि नेमकं तेच जॉन नोरमला खुपलं. नोरम म्हणजे त्यांचा गिटारवाला. गाणं जगभर गाजत असताना, त्याच वर्षी, हा पठ्ठ्या बँड सोडून गेला. कीबोर्डखाली गिटार दबली, आणि आपण नटूनथटून पोस्टरवर झळकायला आलेलो नाही, असं त्याचं म्हणणं. दुसरा गिटारवाला आला, दौरे झाले, आणि 1992 मध्ये सगळंच थांबलं.

आता आमच्याकडची गोष्ट. माझ्या दोन काकांचा बँड होता. थोरले क्लॅरनेट वाजवायचे, धाकटे साइड ड्रम. नामपूर, ताहाराबाद, देवळा, पार मालेगावपर्यंत सुपार्‍या असायच्या. लग्नसराईत दोघं आठ-आठ दिवस घरी दिसत नसत. मी नाशिकहून आणलेली कॅसेट थोरल्या काकांनी दोनदा ऐकली, तिसर्‍यांदा वाजवून दाखवली. कीबोर्डची धून क्लॅरनेटवर जरा रडवेली वाटायची, पण पोरं नाचायची.

मग 1995 च्या सुमारास धाकट्यांनी कॅसिओ आणि ऑक्टोपॅड घ्यायचं काढलं. गिर्‍हाईक तेच मागत होतं, हे खरंच होतं. थोरले म्हणाले, "त्या खोकामा जीव नही शे." झालं. बिदागीचा जुना हिशोब निघाला, मोठा ढोल कोणाचा यावर वाद झाला, आणि बँडच्या दोन पार्ट्या झाल्या. एकाच गल्लीत! दोन्ही काकू मात्र पापड एकत्रच लाटत होत्या, त्यांच्यावर याचा काही परिणाम नाही.

गंमत बघा, स्टॉकहोमच्या नोरमला आणि सटाण्याच्या काकांना एकाच वस्तूचा राग. मला तर दोघांचंही पटतं, आणि धाकट्या काकांचंही. त्यांनी कॅसिओ घेतला नसता तर घर चाललं नसतं. पुढे डीजे आला आणि त्यांचाही कॅसिओ माळ्यावर गेला, हा भाग वेगळा.

युरोपचं पुढे जमलं. 31 डिसेंबर 1999 च्या रात्री स्टॉकहोममध्ये नव्या सहस्रकाच्या स्वागताला ते एकत्र वाजले, जुना आणि नवा दोन्ही गिटारवाले घेऊन. 2003 मध्ये नोरमसकट परतल्याचं जाहीर झालं, 2004 मध्ये अल्बम आला. त्यात गिटार चांगली दणकट ऐकू येते. म्हातारपणी का होईना, त्याचं ऐकलं म्हणायचं :)

स्वीडन फार लांब वाटत असेल तर मुंबईचं घ्या. 1984 मध्ये सुरू झालेला 'रॉक मशीन' 1993 मध्ये 'इंडस क्रीड' झाला आणि 1997 मध्ये थांबला. गायक उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेला. 2010 मध्ये तो, महेश तिनईकर आणि झुबीन बालापोरिया पुन्हा एकत्र आले, पण बेस आणि ड्रमवर नवी मुलं घेतली. 2012 चा 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम त्या मंडळींचा. जुन्या चाहत्यांना सगळी जुनी माणसं हवी असतात. मला हा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो. जे आहेत, जे येतील, त्यांना घेऊन वाजवायचं.

आणि थांबायला वेळ कुठे असतो? नॉर्वेच्या 'आ-हा'ने 2010 मध्ये रीतसर निरोप घेतला. पुढच्याच वर्षी 22 जुलैच्या हत्याकांडानंतरच्या शोकसभेत ते पुन्हा एकत्र उभे राहिले, आणि 2015 मध्ये बँड परतलाही. 2025 मध्ये त्यांचा गायक मॉर्टन हार्केटने आपल्याला पार्किन्सन असल्याचं सांगितलं. त्या गळ्याचा माणूस! बातमी वाचून मी दिवसभर गप्प होतो.

थोरले काका आता पंचाहत्तरीला आलेत. क्लॅरनेटला वरचे पुढचे दात लागतात, त्यातला एक गेल्या उन्हाळ्यात पडला. दुसरा हलतोय. धाकट्यांच्या नातवाकडे नवा ऑक्टोपॅड आहे आणि त्याला वाजवायला कोणीतरी हवंय. मार्गशीर्षात देवमामलेदारांची यात्रा आहे, सगळे गावात असतील. दोघंही हा ब्लॉग वाचतात, म्हणजे सुना वाचून दाखवतात. तर धाकटे काका, मोठा ढोल तुमचाच. थोरल्यांनी मला तसं सांगितलंय, फक्त तुम्हाला सांगायचं राहिलं.